काळं सूप
बाबा सुरीला धार लावायला बसले आणि माझा जीव टांगणीला लागला. आमच्याकडे मागणी घालायला आलेल्या मुलाला बदकाच्या रक्ताचं काळं सूप वाढलं, की नकार समजायचा. “पुस्तकी किडा तो लुडविक! चिखलात पाय तरी घालेल का?” बाबा गुरगुरले. मी हळूच खुराडं उघडलं. सगळी बदकं फडफडत विस्तुला नदीच्या काठाकडे पळाली. नेमका तेव्हाच नवे बूट घालून माझा लुडविक आला. होणाऱ्या सासऱ्यांची बदकं पळताहेत म्हटल्यावर गडी सरळ चिखलात! “अरे, राहू दे!” मी किंचाळले. दोनदा आपटून, नखशिखांत माखून तो परतला आणि सगळ्यांत जाड बदक बाबांच्या हाती देत म्हणाला, “घ्या काका, एक तरी सापडलं!” बाबा पोट धरून हसत सुटले. आईला म्हणाले, “अगं, बिटाचं लाल सूप कर, आणि जावईबापूंना कोरडी विजार दे!”