उजवीकडचा पाव

उजवीकडच्या पावाच्या तळाला एक खळगा होता. चंद्रकोरीसारखा, नखाएवढा, कडेपासून थोडा आत. टेबलावरचं ताट सरळ करताना पाव रुमालातून घसरला, म्हणून पाळकांना तो दिसला. त्यांनी पाव पुन्हा गुंडाळून डावीकडच्या पावाशेजारी ठेवला.

प्रभुभोजनाला दोन पाव ठेवणारं दुसरं चर्च त्यांना ठाऊक नव्हतं. इथे मंडळीतल्या दोन जावा पाव भाजून आणत. उजवा पाव थोरलीचा, डावा धाकटीचा. सासूच्या अंत्यविधीला थोरली जे गीत म्हणणार होती, ते धाकटीने आधीच म्हणून टाकलं. तिथून ठिणगी पडली. मग मंडळीही दुभंगली. थोरलीची माणसं उजव्या बाकांवर, धाकटीची डाव्या. 'तुम्हांस शांती असो' म्हणत हात मिळवायचे, तेही आपापल्या बाजूला. मधली वाट कुणी ओलांडत नसे.

पाळकांनी हात टेकले होते. ऐक्यावर प्रवचनं दिली, तर दोन्ही बाजूंना वाटलं की बोलणी समोरच्यांना बसली. एकत्र जेवण ठेवलं, तर दोन पंगती बसल्या.

"तुम्ही खडकावर पेरताय," त्यांची बायको म्हणाली.

"खडकाला निदान भेगा असतात."

आज प्रभुभोजनाआधी सभा होती. वेगळं व्हायचं की नाही, यावर हात वर करायचे होते. तसं ठरलं, तर डावी बाजू पुढच्या रविवारपासून शाळेच्या हॉलमध्ये जाणार होती आणि पाळक राजीनामा देणार होते.

काल ते शेवटचं समजवायला गेले होते. थोरली दाराला कुलूप लावतच होती. त्यांना पाहून तिने नाइलाजाने ते उघडलं. स्वयंपाकघर गार होतं. ओव्हनमध्ये जुनी भांडी एकावर एक रचून ठेवली होती.

"उद्याचा पाव?"

"होईल की. घाई कसली?"

"बाई, तुम्ही एक पाऊल पुढे टाका. त्या धाकट्या आहेत, येतील."

"पाळकसाहेब, माझ्यासाठी शिंपीदादा सख्ख्या भावाशी बोलत नाहीत. मी पाऊल टाकलं, तर त्यांनी तोंड कुठे लपवायचं?" तिने पिशवी काखेत मारली. "मला उशीर होतोय."

पाळकांनी दोन-तीन आजाऱ्यांची घरं केली आणि मग धाकटीकडे गेले. तिने दार हातभरच उघडलं. आतून भाजल्या पिठाचा वास आला. टेबलावर चहाचे दोन कप होते.

"पाहुणे आलेत?"

"छे, घरचंच माणूस. बोला."

"तुमच्या जाऊबाई..."

"त्यांचं नाव माझ्या दारात काढू नका!" ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली.

आत कुणाला तरी चहाचा ठसका लागला. धाकटीने दार लावून घेतलं.

आता सभेत आधी शिंपीदादा उभे राहिले. "आमच्या बाईंचा अपमान आम्ही विसरणार नाही. जाताय तर जा, वाट मोकळी आहे."

"जातोच आहोत," डावीकडून मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे शिंपीदादांचेच धाकटे भाऊ. "आमच्या ताईंना पाण्यात पाहणाऱ्यांबरोबर एक घास गिळवत नाही."

"घास गिळायला आधी तोंड बंद ठेवावं लागतं!"

डावीकडे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पाळकांनी कपाळ चोळलं.

"वेगळं व्हावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

दोन्हीकडे हात वर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं. थोरलीचा हात मात्र मांडीवरच होता. ती बाकाचा आधार घेत उठली. शिंपीदादांनी मान डोलावली. आता बाई सुनावणार.

"पाळकसाहेब, दोन्ही पाव उलटे करा."

पाळकांनी रुमाल सोडले. उजव्या पावाच्या तळाला चंद्रकोर होती. डाव्या पावाच्या तळालाही होती. तेवढीच, त्याच जागी.

"साचा एकच आहे," थोरली म्हणाली. "पोचा हिने पाडला."

"तुम्ही धरला नाहीत म्हणून पडला," धाकटी डावीकडून म्हणाली. ती मधल्या वाटेत येऊन उभी होती.

"सासूबाईंचं पहिलं वर्ष सरायच्या आतच आमचं मिटलं होतं. दर शनिवारी हिच्याकडेच भाजतो, एकामागून एक. पण तुम्ही सगळे आमच्यासाठी इतक्या जिद्दीने भांडत होता, की सांगायचा धीरच झाला नाही." तिने धाकटीकडे पाहिलं. "सांगू ना गं?"

"सांगा, जाऊबाई. फार लांबलं."

"पुढच्या रविवारी पाव एकच येईल."