उंबऱ्यावरची फुंकर

नियम पहिला: बाहेरून येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर उभं राहून दार उघडणाऱ्याच्या तोंडावर फुंकर मारायची.

दारू सोडू पाहणाऱ्या आम्हा आठ जणांचं हे भाड्याचं घर. आज दारावर माझी पाळी होती. केरबाभाऊ लेकीच्या लग्नाहून परतले. नऊ वर्षांत थेंबाला शिवले नव्हते. भिंतीवरचे नियम त्यांच्याच अक्षरात.

"घे वास," म्हणाले.

वास आला वेलचीचा, आणि वेलचीखालून दारूचा.

नियम दुसरा: प्यायलेल्याने त्याच दिवशी घर सोडायचं, कोणीही असो.

"लाडू आणलेत का ते हुंग आधी!" आतून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

"काही वास नाही," मी आत ओरडून सांगितलं. "या ना, भाऊ."

भाऊ हलले नाहीत. "दोनदा तुला ह्याच दारातून हाकललं मी," ते हळू म्हणाले. "म्हणून जगलास, येड्या. खरं सांग त्यांना."

मी सांगितलं. आतलं हसू थांबलं.

त्यांनी लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. तो घेताना माझी नजर खाली गेली. दाराशी येऊन इतका वेळ झाला, तरी त्यांनी चपला काढल्याच नव्हत्या.