खिडकीवरचं तिकीट

"काका, मोबाईलवर नका लावू. इथंच लावा," बाई काचेतल्या झरोक्याशी वाकून म्हणाल्या.

म्हातारा नालबंद थबकला. एका हातात पाच हजार, दुसऱ्या हातात मोबाईल. "पुतण्यानं सगळं घालून दिलंय. दोनदा बोट टेकवलं की काम झालं म्हणतो."

"बोटं टेकवायला सगळं गाव बसलंय. तुमचं तिकीट फाटलं, तर माझी खिडकी वाचेल."

बाई बावीस वर्षं रेसकोर्सवर तिकिटं फाडत होत्या. एकेकाळी इथं चोवीस खिडक्या होत्या आणि श्वास घ्यायला सवड नसायची. आता माणसं पायऱ्यांवर बसून मोबाईलवरच पैसे लावत. बाईंची एकच खिडकी उरली होती. साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज चाळीस तिकिटं झाली नाहीत, तर उद्यापासून येऊ नका." शेवटची शर्यत तोंडावर आली होती आणि तिकिटं झाली होती एकोणचाळीस.

नालबंद हसला. "तसं असेल तर द्या बाई. नऊ नंबर. तांबडी."

"सगळे एकाच घोडीवर? काका, ती वर्षभर शेवटून पहिली येतेय!"

"शिंगरू होती तेव्हापासून तिला नाल ठोकलेत मी. डावा खूर दुखत होता तिचा. आज पाहिलं, पाय सरळ टाकते." त्याने मान वळवून फलकाकडे बोट केलं. तांबडीपुढे साठ हा आकडा होता. "एकाला साठ. कुणाचा भरवसाच नाही तिच्यावर."

कुणाचा भरवसा नसला की भाव चढायचा, हीच या धंद्याची रीत होती. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात पडत. त्यातून क्लब आपला पाचवा वाटा काढून घेई आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जात. हरणाऱ्यांच्या ताटातलं जिंकणाऱ्यांच्या पानात. मोबाईल आल्यावर त्याचा गल्ला वेगळा झाला, खिडकीचा वेगळा राहिला. रीत दोन्हीकडे तीच.

"पाच हजार आले कुठून?" बाईंनी विचारलं.

"ऐरण विकली. हातोडे विकले." त्याने नोटा झरोक्यातून आत सरकवल्या. "घरचीनं दोन वर्षं जिना उतरलेला नाही. गुडघे गेले. तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, पण अनामत मागतात."

बाईंनी नोटा मोजून घेतल्या. मग त्यांनी कळ दाबली. चाळिसावं तिकीट बाहेर आलं.

घंटा झाली, खिडकी बंद झाली. दोघं काचेच्या दोन बाजूंनी छोट्या पडद्याकडे बघत राहिले. वळणावर तांबडी सहावी होती. मग चौथी. नालबंदाचे ओठ हलत होते. शेवटच्या शंभर पावलांत तांबडी अशी सुटली, की बाई खुर्चीवरून उठून ओरडल्या, "काका, आली! तुमची लेक आली!"

त्याने काचेला कपाळ टेकलं. खांदे गदगदत होते. "तळमजला, बाई... घरचीला अंगणात बसवीन."

बाईंनी डोळे पुसत तिकीट यंत्रात सरकवलं. आकडा उमटला: चार हजार.

यंत्र अडकलं असेल, म्हणून त्यांनी ते बंद करून पुन्हा चालू केलं. चार हजार. त्यांनी ओरडून साहेबांना बोलावलं. साहेब आले, वाकले, त्यांनी तिकिटावरचा नंबर दोनदा ताडून पाहिला. काचेपलीकडे नालबंद टोपीने तोंड पुसत हसत उभा होता.

"यंत्र बरोबर आहे," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "फलकावरचा भाव मोबाईलच्या गल्ल्याचा. खिडकीच्या गल्ल्यात या शर्यतीला ह्यांच्याशिवाय कुणाचाच पैसा नव्हता."