चेटकिणीचा आवाज

“ताई, अकरावा टेक. पुन्हा गोड झालाय,” काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

चेटकिणीने हेडफोन मानेवर ओढला. चेटकीण हे तिचं स्टुडिओतलं नाव. अठरा वर्षं कार्टूनमधल्या यच्चयावत चेटकिणी आणि सावत्र आया तिच्याच घशातून निघाल्या होत्या. घसा मुळात जाडाभरडा, त्यात इतकी वर्षं खदाखदा हसून पार फाटलेला. चहावालासुद्धा विचारायचा, चेटकिणीला साखर किती?

या मालिकेने मात्र आता तिची पंचाईत केली होती. हिच्यात सगळ्या जुन्या गोष्टी नव्याने रचल्या होत्या. राजा शिकारीला जाऊन हरवत नव्हता, मुलीच्या वेण्या घालत होता. राक्षसाला पहिल्या बायकोची दोन पोरं होती आणि तो त्यांना वेळेवर शाळेत सोडत होता. सावत्र राणी विष देत नव्हती. रुसलेल्या राजकन्येच्या बंद दाराशी ती ताट घेऊन उभी राहत होती. तिचं वाक्य एवढंच होतं, “आधी जेवून घे, मग रुस.” राणीच्या ओठांवर ते बरोब्बर बसत होतं. ऐकणाऱ्याला पटत नव्हतं.

“एवढं लाडात कोण बोलतं, ताई? दमलीय हो ती. तुमच्यासारखी बोलू द्या की तिला.”

“माझ्यासारखी बोलली तर पोर दार कशाला उघडेल?” चेटकीण म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

दिग्दर्शकाने कागद उलटला. “बरं, हे राहू दे. आरशातली राणी करून घेऊ.”

आरशातली राणी म्हणजे राजाची वारलेली पहिली बायको. आधीच्या भागांत तिचा आवाज चेटकिणीच्या जिवलग मैत्रिणीचा होता. ती मैत्रीण दोन वर्षांपूर्वी आजारात गेली. मागे नवरा उरला आणि नऊ वर्षांची मुलगी. वर्षभराने चेटकिणीने त्याच्याशी लग्न केलं. लोक बोलायचं ते बोलले. मुलगी आधी तिला मावशी म्हणायची, नंतरही मावशीच म्हणत राहिली. चेटकिणीची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

नव्या भागात आरशातून चार वाक्यं यायची होती आणि आवाज बदलून चालणार नव्हतं. ती वाक्यं चेटकिणीनेच म्हणावीत असं ठरलं. तुमच्याइतका तो आवाज कुणाच्या कानात बसलाय, असं दिग्दर्शक म्हणाला होता. तिने सराव करायलासुद्धा वेळ मागितला नाही.

मागायची गरजच नव्हती. मैत्रिणीच्या घरात पाऊल टाकल्यापासून ती मुलीशी त्याच आवाजात बोलत होती. पट्टी जरा वर, वाक्याचं शेपूट जरा लांब. आपल्या फाटक्या गळ्याने आईविना पोर बिचकेल, हीच एक धास्ती तिला होती. मुलीच्या ते लक्षात आलेलं नाही, याची तिला खात्री होती. पण दिवसभर दुसऱ्यांच्या गळ्याने बोलायचं आणि घरी जाऊन पुन्हा तेच. तिला आताशा फार थकायला व्हायचं. रविवारी तर ती बोलणंच टाळायची.

परीक्षा असल्यामुळे मुलगी आज शाळेतून लवकर सुटून इथेच आली होती. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या बाजूला बसून वही चाळत होती.

“पोरीला जरा बाहेर बसवा,” चेटकीण म्हणाली.

रेकॉर्डिस्टने मुलीच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि तिला बाहेरच्या सोफ्यावर पाठवलं.

चारही वाक्यं पहिल्याच टेकला झाली. शेवटचं सावत्र राणीला उद्देशून होतं, “माझी आठवण तिच्यापाशी राहू दे. सवय मात्र तुझी लागू दे.” रेकॉर्डिस्टने त्या दोघी मैत्रिणींनाही वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलं होतं. त्याने चष्मा काढून पुसला. दिग्दर्शक ओके म्हणायचं विसरला.

चेटकिणीने मान वर केली. रेकॉर्डिस्टच्या खुर्चीमागे मुलगी उभी होती. हातातला पुडा न फोडलेला.

चेटकीण उठेपर्यंत मुलगी जड दार ढकलून आत आली होती.

“चुकलं गं माझं, बाळा. तुला ऐकू द्यायचं नव्हतं,” ती म्हणाली. सवयीने त्याच आवाजात.

“आई अशीच बोलायची. अगदी अशीच.”

चेटकीण तिच्यासमोर खाली बसली. पोर रडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. “पुन्हा ऐकायचंय का? काय म्हणू ते सांग. म्हणते.”

मुलीने मानेनेच नाही म्हटलं. “घरी रोज ऐकते की.”



“आधी तू फोन करायचीस ना,” मुलगी पुड्याकडे बघत म्हणाली, “तेव्हा ओरडायचीस. ए भवाने, आईला दे फोन. मी मुद्दाम द्यायचे नाही. तू अजून ओरडावंस म्हणून.”

तिने पुडा चेटकिणीच्या मांडीवर ठेवला.

“आई गेली, ते कळतं मला. पण तू कुठे गेलीस, मावशी?”