तारीख मुंबईची

“कोल्हापूर? कित्याक रे बाबा? माजी केस मुंबयचीच मां?” सुभद्राकाकी खुर्चीच्या टोकावर आली.

सिद्धेश वकिलाने कपाळ चोळलं. “काकी, आता आपला जिल्हा कोल्हापूरच्या हद्दीत. हायकोर्ट तेच, फक्त बसतं तिथे. सिंधुदुर्गचं अपील मुंबईत घेतच नाहीत.”

भानगड होती देवबागातली. काकीच्या घरापासून खाडीवर जाणारी वाट तिच्या दिराने, दाजीने, गेट ठोकून अडवली. मालवण कोर्टाने वाट काकीला दिली, ओरोसच्या जिल्हा कोर्टाने काढून घेतली. तेव्हापासून काकीने हायकोर्टाचा धोशा लावला होता. त्यासाठी गावदेवीला कौलसुद्धा लावला. पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे देवीचा होकार. मग काय, सगळ्या वाडीत बातमी!

“उलट बरंच झालं की,” सिद्धेश म्हणाला. “घाट चढला की कोल्हापूर. शिवाय तुम्ही यायची गरजच नाही. मी आहे ना.”

“मुंबयक आसती तर मी सोता इली असतंय. दर तारखेक.”

सिद्धेश चक्रावला. पक्षकार तारखेला नाकं मुरडतात, आणि ही बाई तारखा मागते! त्यात तिच्या पायाशी भलीमोठी पिशवी. सुक्या बांगड्यांच्या वासाने ऑफिस भरलेलं, वर खडखडे लाडू. जज्जसाहेबांसाठी की काय? त्याला घामच फुटला.

“काकी, हे कुणाला?”

“मुंबयक न्हेवक.”

आता हिला कसं समजवावं? “विनीतशी बोला ना. मुंबईतच आहे तो.”

विनीत हा काकीचा एकुलता एक मुलगा, तिचा ‘झील’. लग्न झाल्यापासून देवबागला फिरकला नव्हता. काकीने पिशवीचे बंद आवळले.

“तो कामात आसता,” ती म्हणाली आणि उठली. “नको तां अपील. दाजीक सांग, वाट तुका.”

सिद्धेश उडालाच. एवढी वर्षं भांडून बाई आता वाट सोडते?

“अहो, असं काय करता! मुदत आहे अजून. आणि देवीने उजवा कौल दिलाय ना, केस जिंकणार म्हणून?”

काकी दारात थांबली. पिशवी तिने छातीशी धरली होती.

“केशीचां खंय इचारलंय मी? मुंबयची तारीख लागली तर झील माका दारात उबी करतलो काय, इतक्यांच इचारलंलंय.”