हात वर

थिया ऑस्टर प्रशासन इमारतीच्या पायऱ्यांवर फलक धरून एकटीच उभी होती. 'बिसेटबाईंना काढू नका.' आत विश्वस्तांची बैठक चालू होती. विद्यापीठात उरलेल्या एकमेव समुपदेशकाची जागा आज रद्द व्हायची होती. निदर्शनाला पन्नास-साठ जण 'नक्की येतो' म्हणाले होते. फोनवर होकार द्यायला काय जातं?

समोरच्या हिरवळीवर मात्र ही लांबलचक रांग. परीक्षेचा ताण हलका व्हावा म्हणून विद्यापीठाने कुरवाळायला कुत्रा आणला होता. पॅनकेक त्याचं नाव.

थिया रांगेपाशी गेली. "पाच मिनिटं चला ना पायऱ्यांवर. बाईंची नोकरी चाललीये."

"कोण बाई?"

"बिसेट. समुपदेशन केंद्रातल्या."

"त्यांच्याकडे नंबर कुठे लागतो गं? हा आजच्या आज भेटतोय. शिवाय काही विचारत नाही."

"मनाने आम्ही तुझ्याबरोबरच आहोत हं," मागचा म्हणाला. "फक्त रांग तेवढी सोडवत नाही."

थिया परत आली. गेल्या हिवाळ्यात तिने आठवडाभर खोलीचं दार उघडलं नव्हतं, तेव्हा बिसेटबाई बाहेर जमिनीवर येऊन बसल्या होत्या. दार उघडेपर्यंत. हे फलकावर कसं लिहिणार?

तिने डब्यातलं टर्कीच्या मांसाचं सँडविच काढलं. तो वास हिरवळीपर्यंत पोचला. पॅनकेकने हिसका दिला आणि सांभाळणाऱ्या लॉर्नाआजींना ओढत थेट पायऱ्या गाठल्या. मागोमाग सगळी रांग धावली.

तेवढ्यात दार उघडलं. अध्यक्ष हॅम्लिन बाहेर आले. ही पोरं निदर्शनाला येणारी नव्हेत, हे ते चांगले ओळखून होते. गर्दी बघून गालात हसले.

"एवढे सगळे बिसेटबाईंसाठी? बरं, ज्यांना त्या हव्यात त्यांनी करा बघू हात वर!"

हा हुकूम जमलेल्यांत एकट्या पॅनकेकला शिकवलेला होता. तो मागच्या पायांवर बसला आणि पुढचे दोन्ही पंजे त्याने वर उचलले. त्यासरशी गर्दीतले सगळे हात वर गेले. हातात फोन.

पॅनकेक थियाच्या फलकाआड होता, अध्यक्षांना तो दिसलाच नाही. दिसले ते आपल्या दिशेने रोखलेले कॅमेरे. त्यांचं हसू मावळलं.

"हा विषय आज घेत नाही आम्ही," ते घाईघाईने म्हणाले. "बाई राहतील. सध्या तरी." आणि आत गेले.

"जिंकलो!" थिया ओरडली. "अरे, आपण जिंकलो!"

शेजारची मुलगी फोटो बघत होती. तिने मान वर केली.

"काय? तुझा नंबर आधी लागला?"

गर्दी धक्काबुक्की करत पुन्हा रांगेत लागली. पॅनकेकने मात्र अजून हात खाली घेतले नव्हते.