महिनाभराची किल्ली

दोघा भावांची वाटणी झाली, पण घोडं अडलं ते वडिलांच्या भारी परदेशी घड्याळापाशी. एकदा किल्ली दिली की ते महिनाभर चालायचं. शेवटी आईनेच निवाडा केला, "महिनाभर एकाकडे, महिनाभर दुसऱ्याकडे. बंद पडायच्या आत पोचवायचं."

अच्युत आणि धाकटा मुकुंद एकमेकांशी बोलत नव्हते. पहिल्या खेपेला मुकुंद दारातूनच घड्याळ देऊन गेला. पुढे पाणी झालं, मग चहा, आणि एकदा तर अच्युतच्या बायकोने त्याला घावनं खायला बसवूनच घेतलं.

या खेपेला तो आठवड्यातच हजर. अच्युतने बुचकळ्यात पडून घड्याळ कानाला लावलं, तर ते मजेत टिकटिकत होतं.

"अरे, हे अजून तीन आठवडे चालेल की!"

"ते चालेल रे दादा," मुकुंद चपला काढत म्हणाला, "मलाच करमेना."